रेस घेणारी गाडी आणि अकोल्याचा रस्ता

अमरावतीहून अकोला शंभराला थोडे कमी किलोमीटर. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 6, आताचा 53. जून 2022 मध्ये याच रस्त्यावर एका पदराचे 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्यावरून कामाला, दवाखान्याला, सोयऱ्यांकडे जाणाऱ्या आपल्या माणसांच्या गाड्या त्याच जुन्या राहिल्या. वीस-पंचवीस वर्षे झालेली स्प्लेंडर आजही कितीतरी घरांचा आधार आहे. म्हणून बंधुभगिनींनो, या प्रवासात आम्हा नवरा-बायकोला जे कळले ते सांगावेसे वाटते.

मे महिना होता. लेकीकडे निघालो. बडनेरा येईस्तोवर गाडी मूठ सोडली तरी रेस घेऊ लागली. तिथल्या एका मिस्त्रीने स्लोचा स्क्रू ढिला केला, पैसे घेतले. रेस उतरली खरी, पण लोणीच्या चहाच्या टपरीपाशी वेग कमी करताच इंजिन बंद पडले. पुन्हा चालू केले तर एकदा चढलेली रेस खाली यायलाच तयार नाही. मागे बाई बसलेली, मांडीवर पिशवी, बाजूने ट्रक धडधडत जाणारे. अशा वेळी गाडी आपल्या हाताबाहेर जाणे म्हणजे काय, हे बसणाऱ्यालाच कळते. रेस अचानक चढली तर घाबरू नये. क्लच दाबावा, चावी बंद करावी आणि गाडी कडेला घ्यावी.

मुर्तिजापूरला एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडी पाहिली. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी चोक पूर्ण मागे गेला आहे का ते पाहिले. मग गाडी चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवले. वळवताना रेस वाढली तर केबल ओढली जाते आहे, असे समजावे. मुठीला दोन ते सहा मिलिमीटर मोकळी चाल हवी, ती होती. मूठ सोडली की पटकन परत येत होती, म्हणजे केबल अडकतही नव्हती.

"भाऊ, कार्बोरेटर काहून खोलता? गाडी हवा खाऊन राह्यली."

त्यांनी इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये साबणाचे पाणी भरले आणि कार्बोरेटर जिथे इंजिनला जोडतो त्या जोडावर चार थेंब सोडले. क्षणात इंजिनचा आवाज बदलला, रेस खाली आली. चोर सापडला! जोडातली रबरी रिंग उन्हाने कडक होऊन तडकली होती. त्या फटीतून जादा हवा आत जात होती. पेट्रोल तेवढेच आणि हवा जास्त, म्हणून रेस चढते आणि हळूहळू उतरते. काही जण ही परीक्षा पेट्रोल टाकून करतात. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण, ते मुळीच करू नये.

पातळ मिश्रणावर गाडी दामटली तर इंजिन तापते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यात ही भर. राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीत तर ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. मग इंजिनचे काम निघते, हप्त्याचा पगार जातो. स्क्रू ढिला करून रेस दाबणे म्हणजे ताप न मोजता फक्त पांघरूण घालणे, असे आम्हाला वाटते.

एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 चे नियम लागू झाले आणि कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. नव्या पोरांना त्या गाड्यांसाठी संगणक जोडून पाहायला शिकवतात, ते ठीकच आहे. पण जुनी गाडी कानाने ओळखणारी ही माणसे कमी होत चालली आहेत. आपल्या पोरांनी त्यांच्या हाताखाली चार महिने काढले तर वाया जाणार नाहीत.

रिंग बदलली, स्लो पुन्हा बेताचा लावला. काटेपूर्णेचा पूल ओलांडून कुरणखेड, बोरगाव मंजू मागे टाकत दिवेलागणीला अकोल्यात शिरलो. एक गोष्ट राहिली. उभ्या गाडीत रेस ठीक आहे, पण चालताना आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, असे झाले तर कार्बोरेटरच्या मागे लागू नका, क्लचच्या प्लेटा पाहून घ्या.