आहे ते राखणं

गाडी म्हातारी व्हायला लागली की आधी तिचं काळं प्लास्टिक पिकतं, आपले केस पिकावेत तसं. आरशांच्या बुडाशी, वायपरखालच्या जाळीवर, दारांवरच्या आडव्या पट्ट्यांवर आणि बंपरच्या खालच्या भागावर आधी राखाडी झाक येते. मग ढगांसारखे पांढुरके पट्टे उमटतात आणि एक दिवस लक्षात येतं, की इंजिन ठणठणीत आहे, रंगही बरा आहे, तरी गाडी थकलेली दिसतेय.

आमची गाडी २०१२ ची. साधी, छोटी. तेव्हापासून ती सोलापूरच्या घरी अंगणात उभी असते, डोक्यावर छप्पर नाही. सोलापूरचं ऊन ज्यांनी अनुभवलंय त्यांना जास्त सांगायला नको. मे महिन्यात पारा ४३-४४ वर गेला की अंगणातली फरशीसुद्धा चपलेतून चटका देते. गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. काचबिंदूमुळे बाजूचं दिसेनासं होत गेलं आणि २०२१ मध्ये त्यांनी स्वतःहून किल्ली माझ्या हातात दिली. आता चालवते मी, पण गाडी अण्णांचीच. भावाचं मत असं, की विकून टाकावी. "त्या प्लास्टिकवर कशाला पैसे घालतेस ताई? येणाऱ्या किमतीत काही फरक पडणार नाही." हिशोबाने त्याचं बरोबरच आहे. पण गाडी विकायची नाही असं ठरलं, की मग हिशोब वेगळा होतो.

तर हे प्लास्टिक पांढरं का पडतं? गाडीचे बंपर, पट्ट्या वगैरे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात. हे प्लास्टिक इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना कार्ल झीग्लर यांच्यासोबत मिळालं. हलकं, चिवट, स्वस्त. पण त्याला ऊन सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून त्याच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या तोडत राहतात. कपडे वाळत घालायचे प्लास्टिकचे चिमटे दोन उन्हाळ्यांनंतर बोटांत कटकन मोडतात ना, तोच प्रकार. म्हणून गाडीच्या प्लास्टिकमध्ये कार्बन ब्लॅक, म्हणजे एक प्रकारची काजळीच, मिसळलेली असते. ती ऊन स्वतःच्या अंगावर घेते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या पूर्वापार काळ्या असतात त्यामागेही हेच कारण. काजळीमुळे झीज मंदावते, थांबत मात्र नाही. वरचा पातळ थर हळूहळू भुसभुशीत होतो, त्यावर बारीक बारीक भेगा पडतात आणि त्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो. विखुरलेला प्रकाश आपल्याला पांढरा दिसतो. थोडक्यात, काळा रंग उडून गेलेला नसतो, तो खाली असतोच, वरचा थर खराब झालेला असतो.

हे एकदा समजलं की बाजारातले उपाय नीट कळायला लागतात. सर्व्हिसिंगनंतर गाडी काळी कुळकुळीत होऊन येते ती सिलिकॉन तेल असलेल्या द्रवामुळे. ते भेगांमध्ये भरतं म्हणून काळेपण दिसतं. कोरडी शहाबादी फरशी पाणी टाकल्यावर गडद दिसते, अगदी तसंच. आणि फरशी वाळते तसंच हेही जातं, दोन-चार धुण्यांत नाहीतर पहिल्या दणदणीत पावसात. शिवाय तेलकटपणावर धूळ चिकटते ती वेगळीच. शेजारचे काका खोबरेल तेल सुचवतात, त्याचीही तीच गत. काही जण गरम हवेची गन फिरवतात. त्याने वरचा थर किंचित वितळून सपाट होतो आणि काळा रंग खरंच परत दिसतो, पण उन्हापासून संरक्षण काहीच मिळत नाही, आणि हात जरा रेंगाळला तर पट्टी वाकडी होते ती कायमची.

उरतं ते टिकाऊ कोटिंग, ज्याला सरसकट सिरॅमिक म्हणतात. हे सिलिकॉनच्या संयुगांचं पातळ द्रावण असतं. प्लास्टिकवर लावल्यावर हवेतल्या बाष्पाशी त्याची क्रिया होते आणि त्याचा कडक, पारदर्शक पापुद्रा तयार होतो. तो पाण्याने धुतला जात नाही. चांगलं बसलं तर वर्ष-दोन वर्षं टिकतं.

मी बाटली आणली तेव्हा अण्णांनी विचारलं, "होईल का गं पहिल्यासारखी?"

हा प्रश्न मी आधी ऐकलेला होता. अगदी याच शब्दांत त्यांनी तो डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारला होता. डॉक्टर म्हणाले होते, "गेलेली नजर परत येणार नाही. आहे ती राखू. त्यासाठीच हे थेंब." उत्तर खरं होतं, पण अण्णांना ते पटलं नव्हतं. ज्या औषधाने काही सुधारलेलं दिसत नाही ते रोज रात्री का घालायचं, असं म्हणून ते थेंब घालायला टाळाटाळ करायचे. आम्ही रागावायचो, ते गप्प बसायचे. काचबिंदूचं हेच अवघड असतं. थेंबांमुळे डोळ्यातला दाब कमी राहतो आणि पुढचं नुकसान टळतं. पण टळलेलं नुकसान कुणाला दिसणार?

म्हणून मी अण्णांना गाडीबद्दलही खरंच सांगितलं. "पहिल्यासारखी नाही होणार अण्णा. थोडी बरी दिसेल. पण आहे याहून लवकर खराब होणार नाही." ते नुसतं "हं" म्हणाले आणि खुर्ची ओढून अंगणात बसले.

कोटिंग लावायला फार वेळ लागत नाही, वेळ जातो तो सफाईत. हा पापुद्रा ज्यावर बसेल त्यालाच धरून बसतो. खाली तेल, जुनं पॉलिश किंवा भुसभुशीत थर राहिला, तर कोटिंग त्यालाच चिकटतं आणि त्याच्यासकट निघून येतं. म्हणून आधी गाडी धुतली. मग क्लीनर आणि मऊ ब्रश घेऊन एकेक पट्टी घासली. फेस आधी मातकट आला, मग राखाडी, शेवटी पांढरा. एक पट्टी झाली की अण्णा तिच्यावरून बोट फिरवायचे आणि बोट अंगठ्यावर चोळून सांगायचे, "इथे अजून पीठ लागतंय." परत घासायचं. पूर्ण सकाळ त्यातच गेली. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत, गाडी सावलीत घेऊन, रंगाच्या कडेने मास्किंग टेप लावली. आयसोप्रोपिल अल्कोहोलने, म्हणजे इंजेक्शनच्या आधी दंडाला फासतात त्या स्पिरिटने, प्लास्टिक पुसलं. मग हातमोजे घालून, स्पंजवर थोडे थेंब घेऊन आधी आडवा, मग उभा हात फिरवला. दोन-तीन मिनिटांत जास्तीचं मायक्रोफायबरच्या फडक्याने टिपून घेतलं, कारण तिथेच वाळलं तर डाग राहतात. पुढे दिवसभर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

दिसतं कसं म्हणाल, तर काळं दिसतं, पण शोरूममधलं काळं नाही. वायपरखालच्या जाळीवर ऊन सगळ्यात जास्त पडलेलं, तिथे फिकट डाग आहेतच. मात्र पाणी टाकलं की त्याचे मोती होऊन घरंगळतात, आणि गाडी धुतल्यावरही काळेपण तसंच राहतं. अण्णांनी जवळ जाऊन, मान वळवून वळवून सगळं पाहिलं आणि म्हणाले, "ते डाग राहिले की." मी म्हटलं, "राहिले." थोड्या वेळाने म्हणाले, "पण वाढणार नाहीत ना?" मी म्हटलं, "वाढतील, पण सावकाश. दर वर्ष-दीड वर्षाने परत लावायचं."

हल्ली रात्री साडेनऊला अण्णा स्वतः थेंबांची बाटली मागतात. गाडीमुळे, असं मी म्हणणार नाही. माणसाला एखादी गोष्ट केव्हा आणि कशामुळे पटते ते कोण सांगणार? आम्हीही विचारत नाही.

नवं करून देतो म्हणणारे खूप भेटतात, आणि आपल्याला तेच ऐकायचं असतं. राखण्याच्या कामाला कौतुक नाही, कारण त्यात घडत काहीच नाही. पुढच्या मे महिन्यात गाडी आज दिसते तशीच दिसली, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला मात्र तेवढंच हवं आहे.