शेजारचा वाघ्या आणि आमची चिमी

शेजार चांगला असावा असे आपण म्हणतो. पण शेजाऱ्याचे कुत्रे कसे असावे, याचा विचार कोणी करीत नाही. मीही केला नव्हता. गेल्या पावसाळ्यात तो करण्याची पाळी आली.

आमची वस्ती शिरवळच्या शिवारात, नीरा नदीच्या अंगाला. घरात आई, पत्नी, दोन मुले, गोठ्यात चार जनावरे, आणि चिमी. चिमी म्हणजे मांजराहून थोडी मोठी अशी पांढरी कुत्री. धाकट्या मुलीने मामाच्या गावाहून पिशवीत घालून आणलेली. राखणीला तिचा उपयोग नाही; पण मुलीची शाळा सुटायच्या वेळेला ती बरोबर वाटेवर जाऊन बसते.

बांधापलीकडे आबांची वस्ती. त्यांच्या विहिरीवरची केबल दोनदा चोरीला गेली, तेव्हा त्यांनी वाघ्या आणला. अंगापिंडाने थोराड. दिवसभर गोठ्याच्या खांबाला हातभर साखळीने बांधलेला आणि दिवेलागणीला मोकळा. दिवसभर कोंडलेला राग घेऊन तो थेट आमच्या अंगणात येई. दोनदा चिमीच्या अंगावर धावला. मी बांधावरूनच ओरडून सांगितले. आबा म्हणाले, "आरं, कुत्र्याची जात हाय ती! तुझंच पिल्लू घरात ठेव की." त्या उत्तराला आमच्या बांधाच्या जुन्या भांडणाचाही वास होता. मी तोंड फिरवून परतलो आणि बोलणे थांबले.

मग एके संध्याकाळी मुलगी किटली घेऊन डेअरीत दूध घालायला निघाली. मागे चिमी. वाघ्या उसातून आला. मुलीने घाबरून चिमीला उचलून छातीशी धरले. आपण सगळे हेच करतो आणि इथेच चुकतो. उचललेल्या कुत्र्यापायी मोठे कुत्रे माणसाच्या अंगावर उडी घेते. वाघ्याने चिमीला ओढून झटकले आणि त्या ओढाओढीत मुलीच्या मनगटात दात गेला. मी फावडे आपटत धावलो, तेव्हा तो पळाला.

पत्नीने मुलीचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली घड्याळ बघून १५ मिनिटे धुतला. कोणी हळद म्हणाले, कोणी चुना, कोणी तिखट. तिने काही लावू दिले नाही. तसेच दवाखाना गाठला. रेबीजची लस सुरू झाली, रक्त आले होते म्हणून जखमेभोवतीही वेगळे इंजेक्शन दिले. पुढच्या तारखा आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिल्या आणि एकही चुकवली नाही. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या ९ वर्षांच्या मुलाला ही लस पहिल्यांदा दिली आणि तो जगला. पण रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर आजही इलाज नाही. म्हणून "दातच लागलाय, बघू उद्या" असे कधी म्हणू नका.

चिमीला शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेले. वरून पाहता ज्वारीच्या दाण्याएवढी दोनच भोके होती. डॉक्टरांनी केस काढले, तर आत कातडे मांसापासून सुटलेले. मोठ्या कुत्र्याने लहानाला झटकले की असे होते. वरची जखम बघून गप्प बसू नये.

आता खरी गोष्ट सांगतो. चौकात एकजण मला म्हणाला होता, "भाकरीत घालून दे की कायतरी. मिटला विषय." त्या रात्री मुलगी झोपेत दचकत होती. मी उठलो आणि फवारणीच्या औषधाची बाटली हातात घेतली. ओसरीवर अंधारात आई बसलेली. म्हणाली, "वाघ्यानं सोताला साखळी बांधून घेतली व्हय रं? आन् भाकरी कोन खाईल, ते तुला रातीचं दिसनार हाय? आबाची गाय खाईल, न्हाईतर आपलीच चिमी." मी बाटली जागेवर ठेवली. जनावर विष घालून मारणे हा गुन्हा आहे हे मला ठाऊक होते. पण त्या वेळी हात आवरला तो आईच्या बोलण्याने.

सकाळी आई, मुलगी आणि मी आबांच्या दारात गेलो. मी भांडणाचा शब्द काढला नाही. मुलीचा हात पुढे केला. आबा पट्टीकडे बघत राहिले. "पोरीला लागलं, ह्ये मला कुनी सांगितलंच न्हाई," म्हणाले. कोण सांगणार? बोलणेच बंद होते.

वाघ्याला लस दिलेली नव्हती. डॉक्टरांनी सांगितले होते, चावलेले कुत्रे १० दिवस बांधून नजरेखाली ठेवा. आबांनी ठेवले, रोज सांगत राहिले, "खातोय, पितोय." मला घाम फुटला तो तेव्हा. मी त्याला रात्री मारले असते, तर हे दहा दिवस कोणाला बघायचे होते?

तुमच्या माहितीसाठी सांगतो. आपल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर इजेचा धोका असताना जो मालक बेफिकीर राहतो, त्याला भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आम्हाला तिथवर जावे लागले नाही. आबांनी दोन खांबांत तार ताणून तिच्यात साखळीची कडी ओवली. आता वाघ्या दिवसा इकडून तिकडे फिरतो, त्याचा चिडखोरपणा पुष्कळ उतरला आहे. दोन्ही कुत्र्यांना लस टोचली, दरवर्षी टोचायची ठरली. कुंपणाची खिंडारे आम्ही जाळीने बुजवली. चिमी बाहेर दोरीनेच जाते. मुलांना शिकवले आहे, की कुत्रे अंगावर आले तर पळू नका, किंचाळू नका, छत्री, किटली, दप्तर, जे असेल ते मध्ये धरा. भांडणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये मात्र हात घालू नका, लांबून पाणी फेका.

वाघ्या आणि चिमीची मैत्री झालेली नाही, होणारही नाही. चिमी एका पायाने जरा लंगडते. बांधाचे भांडणही अजून मिटलेले नाही. पण रोज दिवेलागणीला आबा पलीकडून हाळी देतात, "सोडतोय रं वाघ्याला!" आणि आम्ही चिमीला आत घेऊन दाराला कडी लावतो.