ऐकणारा नट

हॅरी डीन स्टँटन या अमेरिकन नटाची कारकीर्द मला कधी क्रमाने भेटलीच नाही. १९७९ च्या ‘एलियन’मध्ये तो प्रथम दिसला तेव्हा मी विद्यार्थिदशेत होतो, १९८४ चा ‘पॅरिस, टेक्सस’ नोकरीत रुजू झाल्यावर एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला, आणि १९६७ च्या ‘कूल हँड ल्यूक’मधला, गिटारीवर भक्तिगीत आळवणारा कैदी तर कानशिलांवर रुपेरी छटा आल्यावर घरच्या दूरचित्रवाणीवर गवसला. अशा उलटसुलट क्रमातही त्याच्या वयाचा मेळ कधी चुकल्यासारखा वाटला नाही, कारण बसलेली गालफडे आणि खोल गेलेले डोळे घेऊन वावरणारा हा गृहस्थ मला पडद्यावर तरुण म्हणून दिसलाच नव्हता.

केंटकी राज्यात १९२६ साली जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात आरमारात आचारी होता आणि ओकिनावाच्या लढाईच्या वेळी त्याचे जहाज तेथेच होते. पुढे पॅसाडिना प्लेहाउसमध्ये नाट्यशिक्षण घेऊन तो दूरचित्रवाणीवरील ‘गनस्मोक’सारख्या मालिकांत बंदूकधारी, फरारी, साक्षीदार अशी फुटकळ कामे करू लागला. हॅरी स्टँटन नावाचा दुसरा नट हयात असल्यामुळे त्याला श्रेयनामावलीत कित्येक वर्षे नुसते ‘डीन स्टँटन’ म्हणून राहावे लागले. कचेरीत मामलेदार येतात नि बदलून जातात, पण दप्तराची खडानखडा माहिती असलेला शिरस्तेदार जागचा हलत नाही. हॉलिवुडात याची वहिवाट तशीच होती.

‘एलियन’मध्ये तो अंतराळयानाचा तंत्रज्ञ आहे. मोबदल्याच्या वाट्यावरून तक्रार करावी, आणि सहकारी काही बोलला की ‘राइट’ म्हणून मान डोलवावी, एवढाच त्याचा हुद्दा. हरवलेले मांजर शोधीत तो एका दालनात शिरतो, वरून साखळ्यांवरून पाणी ठिबकत असते. तो टोपी काढतो आणि चेहरा वर करून ते पाणी स्वस्थपणे अंगावर घेतो. क्षणभराने यानातल्या राक्षसाच्या हातून त्याचा अंत व्हायचा आहे हे प्रेक्षक जाणतो, पण तो थकलेला कामगार त्या घटकेला केवळ गारवा अनुभवत असतो. त्या राक्षसापेक्षा हे मला अधिक स्मरते.

स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श दुय्यम भूमिकेत असेल तो चित्रपट सर्वस्वी टाकाऊ असू शकत नाही, असा दंडक समीक्षक रॉजर इबर्ट यांनी घालून दिला होता. त्यात अतिशयोक्ती आहे खरी, परंतु टाकाऊ चित्रपटांतही हा नट समोरच्याचे बोलणे ज्या एकाग्रतेने ऐकतो ती टाकाऊ नसते.

साठीच्या उंबरठ्यावर असलेल्या स्टँटनला दिग्दर्शक विम वेंडर्स यांनी ‘पॅरिस, टेक्सस’मध्ये नायक केले, आणि त्या चित्रपटाने कानचे सर्वोच्च पारितोषिक पटकावले. वाळवंटातून तांबडी टोपी घालून चालत आलेला त्यातील ट्रॅव्हिस कितीतरी वेळ एक शब्द उच्चारीत नाही. पुढे मात्र एकतर्फी काचेआड बसलेल्या दुरावलेल्या पत्नीला टेलिफोनवरून, तिच्याकडे पाठ करून, तो आपल्या संसाराची सारी हकीकत सांगतो. तेथे तो बोलतो आणि नास्तास्या किन्स्की ऐकते. या यशानंतर तो नायकपदाचा हक्क सांगत बसला नाही, पुन्हा छोट्या भूमिकांकडे वळला. ‘द स्ट्रेट स्टोरी’मध्ये तर चित्रपटभर ज्याच्या भेटीसाठी थोरला प्रवास चालतो तो भाऊ म्हणून केवळ अखेरच्या प्रसंगात येतो. ‘बिग लव्ह’ या मालिकेतील त्याचा कपटी, स्वयंघोषित धर्मगुरू पाहून मात्र मला इतक्या वर्षांच्या ओळखीचा माणूस परका वाटला, हे त्याच्या कलेचेच यश म्हणायचे.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी एक्क्याण्णवाव्या वर्षी तो वारला, आणि त्यानंतर पंधरवड्यातच ‘लकी’ अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यात तो पुन्हा नायक आहे, आणि ‘एलियन’मध्ये त्याच्या यानाचा कप्तान झालेला टॉम स्केरिट येथे एक माजी सैनिक म्हणून त्याच्यापाशी ओकिनावाची आठवण सांगतो. त्या लढाईच्या वेळी प्रत्यक्ष तेथे असलेला स्टँटन मात्र नायक असूनही ती कथा दुसऱ्याच्या तोंडी राहू देतो आणि स्वतः ऐकत बसतो; दिग्दर्शक जॉन कॅरोल लिंच हे स्वतः याच दुय्यम भूमिकांच्या पेशातले, म्हणूनच त्यांना ही योजना सुचली असावी.