वाटेवरचें तारांगण

न्यूझीलंडांत ऑकलंडहून रोटोरुआस जाणाऱ्यानें थोडी वांकडी वाट करून वायटोमोची गुहा अवश्य पाहावी. १८८७ सालीं माओरी प्रमुख ताने टिनोराऊ व इंग्रज मोजणीदार फ्रेड मेस तींत तराफ्यानें शिरले. आजचे कित्येक वाटाडे टिनोराऊंचेच वंशज आहेत. आमच्या वाटाड्यानें मौन पाळावयास सांगून नाव काळोखांत लोटली, आणि माथ्यावर निळसर तारांगण उजळलें. सौभाग्यवतींनीं माझा हात धरला; चारचौघांत प्रथमच, पण तेथें पाहणारें कोण? हे काजवे नव्हेत. काजवा म्हणजे खद्योत, आकाशांत चमकणारा. या तर एका चिलटाच्या अळ्या, चिकट तंतु खालीं सोडून उजेडाला भुललेले कीटक खाणाऱ्या. पुढें पंख फुटतात, पण तेव्हां खाण्यास तोंड उरत नाहीं; थोड्याच दिवसांत सारें आटोपतें. रोटोरुआ तेथून दोन तासांवर. दिवेलागणीस पोंचलों.