हात वर करण्याआधी

कॅलिफोर्नियात 19 मे 2009 रोजी राज्याच्या अर्थसंकल्पावर लोकांनी थेट मतदान केलं. सहा प्रस्ताव होते, पाच पडले. पास झाला तो एकच: तुटीच्या वर्षी लोकप्रतिनिधींना पगारवाढ नको! अशा मतदानाआधी तिथल्या नागरी संघटना एकेका प्रस्तावावर ‘हो म्हणा’, ‘नाही म्हणा’ असं कारणांसकट सांगतात. आपल्याकडे अर्थसंकल्पातल्या खात्यांच्या मागण्यांवर मत देतात आमदार. साहजिकच आम्ही अर्थसंकल्पाचे अभ्यासक शिफारशी करतो त्या मंत्र्यांना. निवेदन द्यायचं, पोच घ्यायची.

ठाणे जिल्ह्यातल्या भातसानगरच्या आसपासच्या पाड्यांत मात्र मतदार थोडं तरी ठरवू शकतो. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, म्हणजे इथे पेसा, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर 1993-94 पासून राज्यात आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात वेगळी तरतूद होऊ लागली. अर्थसंकल्पाच्या जाडजूड पुस्तकांत ती शोधायची तर 796 हे गौणशीर्ष धरून पानं उलटावी लागतात. या तरतुदीतले 5 टक्के 2015 पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना लोकसंख्येच्या प्रमाणात मिळतात. हा अबंध निधी. कामांची क्षेत्रं शासनाने आखून दिली आहेत, पण त्यांतलं नेमकं कोणतं काम घ्यायचं ते ग्रामसभेने ठरवायचं. राज्याच्या पैशावर सामान्य माणसाचा हात वर होतो तो इथेच.

म्हणून आमच्या गटाने शिफारशींचा पत्ता बदलला. ग्रामसभेपुढे येणाऱ्या कामांवर आम्ही आता पाड्यांत बसून बोलतो. पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपाला आमचं बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. ठेकेदाराला सोपी आणि फोटोत छान दिसणारी कामं ही. विहिरीचा गाळ, बंधाऱ्याची दुरुस्ती, झऱ्याला कठडा यांना ‘हो’. भातसा धरणाची साठवण 7 लाख 17 हजार दशलक्ष लिटर, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सातही तलावांच्या मिळून जवळपास निम्मी. त्याच तालुक्यात मे महिन्यात बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. अबंध निधीतून धरणाचं पाणी पाड्यावर चढवता येणार नाही, ते राज्याचं काम. पण म्हणून विहीर तशीच बुजू द्यायची का?

खरा घोळ तारखेचा आहे, आणि त्याकडे आमच्या क्षेत्रातले लोक फारसं बघतच नाहीत. अर्थसंकल्प मार्चचा, म्हणून चर्चा जानेवारीपासून, असं आमचं वेळापत्रक. पण भातकापणी उरकली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, कल्याणकडे, आणि परततात ती पाऊस तोंडावर आल्यावर. 26 जानेवारीची आणि 1 मेची ग्रामसभा त्यांच्याविना होते. कागदोपत्री गणपूर्ती असते. पाण्याची सर्वात जास्त ओढ ज्या पाड्याला, त्याचाच हात मोजणीत नसतो. तेव्हा आमची पहिली शिफारस कोणत्याही कामाबद्दल नाहीच: निधीचे ठराव 2 ऑक्टोबरच्या सभेत, फार तर दिवाळीच्या आत उरकून घ्या. जानेवारीत आलेल्या नव्या कामाला, ते कितीही चांगलं असो, ‘नाही’ म्हणा.

एका ग्रामसेवकाने मला विचारलं, “ताई, पैसे जानेवारीनंतर पडले खात्यात, तर?” प्रश्न रास्त आहे. वर्षअखेरीस निधी सोडायची सरकारी खोड राज्याच्या बीम्स या निधीवाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर कुणालाही पाहता येते. माझं उत्तर असं की कामांची क्रमवारी ऑक्टोबरात ठरवून ठेवा, रक्कम येईल तेवढी खाली उतरा. क्रम बदलायचा असेल, तर भट्टीवरची माणसं परत आल्यावरच.

शेजारच्या मुरबाड तालुक्याचा हिशेब वेगळा. तिथली काहीच गावं अनुसूचित यादीत आहेत, उरलेल्यांना हे 5 टक्के नाहीत. शेजारच्या गावाचा निधी बघून तिथली मंडळी चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला पटतं. त्यांच्यासाठी ‘आमचा गाव आमचा विकास’ हा ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाचे पैसे एवढंच हाताशी. तिथेही आम्ही आधी सभेची तारीखच विचारतो.