तीन बिंदू वगळून

आज वहीत क्रेमोनाचं द्विघाती रूपांतर पुन्हा मांडलं. प्रक्षेपी प्रतलातला (अ : ब : क) हा बिंदू (बक : कअ : अब) इथे जातो. हेच दुसऱ्यांदा केलं, की अबक हा सामाईक अवयव निघून जातो आणि मूळ बिंदू परत मिळतो. किती देखणं! मात्र (1 : 0 : 0) वर तिन्ही पदं शून्य होतात, तिथे रूपांतराला अर्थच उरत नाही. उलट अ = 0 ही अख्खी रेषा त्याच बिंदूत गोळा होते. नोएदर-कास्टेलनुओवो प्रमेयानुसार संमिश्र प्रतलावरची अशी सगळी रूपांतरं हे एक आणि रेषीय रूपांतरं जोडून घडतात. त्रिमितीत मात्र घातावर कोणतीही मर्यादा घातली, तरी तिच्या आतली रूपांतरं पुरत नाहीत. भूमिती शिकणाऱ्याने हे गणित एकदा तरी स्वतः करून पाहावं.