तिसरी नोंद
अम्मीच्या बोलण्यातले दखनी शब्द मी एक्सएमएल फाईलमध्ये जमवतोय. प्रत्येक अक्षराचा एक गट, गटात नोंदी. फाईलमधली तिसरी नोंद चुकली होती, ती प्रोग्रामने काढायला गेलो. एक्सपाथमध्ये लिहिलं: //नोंद[3]. आणि प्रत्येक गटातली तिसरी नोंद उडाली! जणू वर्गात ‘तिसरा उभा राहा’ म्हटलं आणि प्रत्येक बाकावरचा तिसरा उठला. हा आकडा गटातला क्रम मोजतो, अख्ख्या फाईलमधला हवा तर (//नोंद)[3] असं लिहायचं. आता प्रत्येक नोंदीला आयडी दिलाय. काढण्याआधी किती सापडल्या तेही मोजतो.

बाकीच्या नोंदी वहीतून परत मिळाल्या. दोन शब्द मात्र तिनं फोनवर सांगितले होते. अम्मी आता नाही.